बेबाबाई, बर्नर आणि मॅडमचा अ‍ॅप्रन

गिरणाकाठच्या त्या हायस्कूलमध्ये सेविकेची जागा एकच, आणि ती बेबाबाईंची. नेमणूक झाडलोट, पाणी आणि निरोप पोचवण्यासाठी. पण निरोप म्हणजे काय, तो ऑफिसातून निघून दहावीच्या वर्गात पोचेपर्यंत बाईंच्या तोंडात चांगला मुरायचा. "मुख्याध्यापकांनी बोलावलंय" एवढंच सांगायला पाठवलं तर त्या मास्तरांना का बोलावलं असेल, त्यांनी काय उत्तर द्यावं, आणि शर्टाचं वरचं बटण लावून जावं, इथपर्यंत सगळं सांगून यायच्या. उंचीला जेमतेम, पण आवाज असा की भडगावच्या बाजारात भाव केला तर पाचोऱ्याच्या वाण्यानं कमी करावा.

नवरा पंडित. भडगाव-पाचोरा रस्त्यावर त्याची एक जीप होती. ती चालायची कमी आणि झाडाखाली विसावायची जास्त, आणि या बाबतीत मालक जीपवर गेला होता की जीप मालकावर हे गावाला ठरवता आलं नव्हतं. म्हणजे घर चालायचं ते बाईंच्या पगारावर.

बाईंचा दोन गोष्टींवर पक्का भरवसा. एक आपली जीभ, दुसरी दृष्ट. डॉक्टर तापाला गोळी देतो, पण ताप कोणाच्या डोळ्यानं आला ते सांगतो का? नाही ना? ते बेबाबाई सांगायच्या. शाळेत नवा कंप्युटर आला तेव्हा मास्तर लोकांनी त्याची दृष्ट काढू दिली नाही, तेव्हाच बाईंनी त्यांना बजावून ठेवलं होतं. पुढं पावसात छत गळून त्याच्यात पाणी गेलं. मास्तर म्हणाले, छत गळलं. बाई म्हणाल्या, "पण बरोबर कंप्युटरवरच का गळलं?" आता याला काय उत्तर द्यायचं, तुम्हीच सांगा.

तर अशा या बाईंच्या राज्यात हेमलता मॅडम आल्या. विज्ञानाच्या. माहेर रावेरकडचं, केळीच्या बागांतलं. अंगानं सडसडीत, चालीनं चटपटीत, आणि "असं का?" विचारल्याशिवाय चहासुद्धा न घेणाऱ्या. शाळेत प्रयोगशाळा होती म्हणजे खोली होती. खोलीत फुटका पृथ्वीगोल, मोडकी बाकं आणि गॅदरिंगचे मुकुट. मुलं बर्नर बघायची ते पुस्तकात, आणि परीक्षेत त्याचं चित्र काढून बाण मारून यायची.

मॅडमनी पहिल्याच महिन्यात मुख्याध्यापकांचा पिच्छा धरला. मुख्याध्यापक म्हणजे भटू सर. गळ्यात कायम गमछा, आणि तोंडात कायम "बघू". रिटायरमेंट तोंडावर आली होती, आणि तेवढे दिवस पान न हलता जावेत एवढीच त्यांची देवाकडे मागणी होती.

"मॅडम," ते म्हणाले, "चित्रातला बर्नर पेटत नाही, हा त्याचा केवढा मोठा गुण आहे."

"सर, पण मुलांनी कधीतरी हातानं पेटवायला नको का?"

"घरी पेटवतातच की शेगडी."

"घरी मुली पेटवतात. मुलगे कुठं पेटवतात? आणि मुलींनाही कोणी नीट शिकवलेलं नसतं."

मॅडमनी वर्षभर चिकाटी धरली. संस्थेकडून सिलिंडर आणवला, नळ्या आणवल्या, टेबलांना गॅसचे कॉक बसवून घेतले. शेवटी भटू सर तयार झाले, पण एका अटीवर. "पहिली गडबड झाली की त्याच दिवशी कुलूप. मग मला कोणी काही सांगायचं नाही."

मॅडमची पण एक अट होती. बर्नरची परीक्षा पास झाल्याशिवाय कोणी त्याला हात लावायचा नाही. आधी सिलिंडर बंद ठेवून खोटं खोटं पेटवायचं, सगळं तोंडानं म्हणत. चुकलं की पुन्हा. आणि खोलीत झाडायला येणाऱ्या बाईंनासुद्धा परीक्षा. बेबाबाई आधी रुसल्या. "माझा जन्म चुलीपुढं गेला, आणि ही कालची पोर मला काडी ओढायला शिकवणार?" पण परीक्षा म्हटल्यावर त्यांच्या अंगात आलं. सातवीनंतर कोणी त्यांची परीक्षाच घेतली नव्हती.

"बेबाबाई, आधी काय?"

"आधी पदर खोचायचा. वेणी मागं. पोरींची ओढणी गाठ मारून मागं."

"मग?"

"मग नळी बघायची. कुठं चीर गेली का, ढिली बसली का. आणि आजूबाजूला वह्या-कागद पडले असतील तर उचलायचे."

"मग?"

"मग मोठ्यानं सांगायचं, पेटवते हो! म्हणजे माणसं मागं सरकतात."

"आणि मग गॅस सोडायचा."

"वा गं वा! मला फसवता काय? आधी काडी, मग गॅस. आधी गॅस सोडून मग काडेपेटी शोधणाऱ्या बाईचं तेरावं गाव जेवतं."

मॅडमला हसू आवरेना. पण पास केलं नाही, कारण हवेच्या भोकाचं राहिलं होतं. बर्नरच्या बुडाशी एक भोक असतं. ते बंद ठेवून पेटवलं की ज्योत पिवळी येते, मोठी, डोलणारी, काजळी धरणारी. भोक उघडत गेलं की तीच ज्योत निळी आणि कडक होते. उन्हाच्या उजेडात तर दिसतही नाही. म्हणून काम नसेल तेव्हा पिवळी ठेवायची, म्हणजे कोणी चुकून हात घालत नाही.

बेबाबाईंनी हे दोन मिनिटं ऐकलं आणि पोरींकडं वळून म्हणाल्या, "लक्षात ठेवा गं. पिवळी म्हणजे सासू. तिचा ताव लांबून दिसतो तरी. निळी म्हणजे नणंद. दिसत नाही, भाजते मात्र बरोबर."

त्या वर्षी सहामाहीच्या पेपरात एका मुलीनं खरंच तसं लिहिलं. मॅडमनी अर्धा गुण दिला.

शेवटचा नियम सगळ्यांत मोठा. गॅसचा वास आला तर कॉक बंद, सिलिंडर बंद, खिडक्या उघड्या, आणि विजेच्या बटणाला हात नाही. चालू असेल ते चालू, बंद असेल ते बंद. बटणाच्या आत बारीकशी ठिणगी उडते आणि तेवढी पुरते. मग रांगेनं बाहेर.

बाई पास झाल्या. आठवडाभर गावात सांगत फिरल्या.

उद्घाटन झोकात झालं. संस्थेची मंडळी आली, पालक आले. नववीच्या मुलांनी सगळे बर्नर एकदम पेटवले आणि एकेक भोक उघडत नेलं तसतशा पिवळ्या ज्योती निळ्या होत गेल्या. लोक बघतच राहिले. संस्थेच्या सुनंदाबाई, मोठ्या चष्म्याच्या, मोठ्या डोळ्यांच्या, त्या तर मॅडमचा हात सोडेनात. "काय गं बाई पोर! काय तो आवाज! घंटेसारखा!"

दाराशी बेबाबाई उभ्या होत्या. माणसानं कौतुक करावं, पण मागून थू थू तरी करावं. सुनंदाबाईंनी केलं नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा आवाज गेला.

गेला म्हणजे साफ गेला. तोंड उघडलं की नुसती हवा. फळ्यावर लिहून लिहून शिकवायला लागल्या.

"दृष्ट शे," बेबाबाई म्हणाल्या. रागात, मायेत आणि निदान करताना बाईंची अहिराणी आपोआप सुटायची.

मॅडमनी फळ्यावर लिहिलं, "बर्फाचं सरबत प्याले."

"सरबत बठ्ठा लोकांनी प्यायलं. बठ्ठ्यांचा का नाही गेला?"

मॅडमनी खडू ठेवून दिला.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण भटू सरांनी प्रयोगशाळेच्या दाराशी येऊन घसा खाकरला. शुक्रवारी नववीचं पहिलं प्रॅक्टिकल होतं. "मॅडम, आवाजाशिवाय प्रयोग नाही. कोणाला 'मागं हो' म्हणायला आवाज नको? शुक्रवारपर्यंत आवाज आला तर ठीक. नाही आला तर मग... बघू."

आता भटू सरांचं "बघू" म्हणजे काय, हे बेबाबाईंपेक्षा जास्त कोणाला कळणार? दोघांचं माहेर म्हणा, मूळ गाव म्हणा, एकच. सातवीपर्यंत एका वर्गात. बाईंना पक्कं ठाऊक होतं की भटूभाऊनं लहानपणी नदीत पोहायला "बघू" म्हटलं होतं, आणि अजून त्याला पोहता येत नाही.

मॅडम त्या दिवशी स्टाफरूममध्ये कोपऱ्यात बसून गरम पाणी पीत होत्या. वर्षभर भांडून मिळवलेली खोली हातची चालली होती, आणि भांडायला आवाज नव्हता. डोळे भरले होते. बेबाबाईंनी दारातून ते बघितलं आणि त्यांचं ठरलं.

शुक्रवारी सकाळी त्या घरून पदरात पुडी बांधून आल्या. मीठ, मोहरी, आणि सात लाल मिरच्या. मिरच्या नंदुरबारच्या. नुसतं नाव काढलं तरी नाकाला पाणी सुटावं अशा. ज्याची दृष्ट काढायची त्याच्या पायाची माती लागते. मॅडमच्या पायाखाली माती कुठली? फळ्यापुढं खडूची भुकटी पडली होती, ती चिमूटभर घेतली. आणि मॅडम स्वतः तर काही उभ्या राहून ओवाळून घेणाऱ्यांतल्या नाहीत. पण माणूस जवळ नसलं तर त्याच्या कपड्यावरून उतरवलेलं चालतं. प्रयोगशाळेत खिळ्याला मॅडमचा पांढरा अ‍ॅप्रन लटकत होता.

आता राहिला विस्तव. शाळेत चूल एकच, खिचडी शिजवणाऱ्या शेवंताबाईंची. तिकडं जायची सोय नव्हती. मागच्या कानबाईच्या उत्सवात शेवंताबाईंनी चारचौघींत बेबाबाईंच्या नैवेद्याच्या रोटांना "जाड" म्हटलं होतं, आणि तेव्हापासून दोघींत बोलणं बंद होतं. बेबाबाईंनी आयुष्यात जी काही मोजकी मौनं पाळली, त्यातलं ते एक.

मग उरला बर्नर. आणि बर्नरची परीक्षा तर बाई पास होत्या!

मधल्या सुट्टीत त्यांनी प्रयोगशाळा उघडली, आत शिरल्या, पुढच्या दाराला कडी घातली. शेताकडचं मागचं दार बंदच असायचं. कोणी बघू नये म्हणून खिडक्या लावून घेतल्या. अ‍ॅप्रनवरून मूठ उतरवली. मग पदर खोचला. नळी बघितली. टेबलावरच्या वह्या बाजूला केल्या. अगदी मॅडमनी शिकवलं तसं. तिवई ठेवली, तिच्यावर तारेची जाळी, जाळीवर चिनीमातीची वाटी. वाटीत मीठमोहरी-मिरच्या. बर्नरचं भोक बंद आहे ना, ते वाकून बघितलं. काडी हातात घेतली.

आणि इथं अडलं. मॅडमचा नियम असा की पेटवण्याआधी मोठ्यानं सांगायचं. दृष्टीचा नियम असा की काढणारीनं तोंडातून शब्द काढायचा नाही, नाहीतर सगळं फुकट. एका बाजूला विज्ञान, एका बाजूला सासूबाईंनी शिकवलेलं. बाईंनी थोडा विचार केला आणि मनातल्या मनात खूप मोठ्यानं ओरडल्या, "पेटवते हो!" आणि काडी ओढली. काडी जवळ नेऊन मग कॉक फिरवला. पिवळी ज्योत उठली. तिवईखाली सरकवली, भोक उघडलं, ज्योत निळी झाली. मॅडमनी बघितलं असतं तर शाबासकी दिली असती.

तेवढ्यात दार वाजलं.

"बेबाबाई? आत आहात का?" भटू सर!

बाई गप्प.

"चहाचं सांगितलं होतं, कुठं गेल्या?"

बाई गप्प. घशात शब्द उड्या मारत होता.

"कमाल आहे," भटू सर बाहेर कोणाला तरी म्हणाले, "आत नाहीत. असत्या तर बोलल्या असत्या."

हे ऐकून तर बाईंना उत्तर द्यायची इतकी ऊर्मी आली की त्यांनी पदराचा बोळा तोंडात धरला. पावलं लांब गेली. आणि मग मिरच्यांनी पेट घेतला.

चुलीत मिरची टाकली तर धूर धाब्याच्या छतातल्या भोकातून वर जातो, दारातून जातो. इथं दोन्ही दारं बंद, खिडक्या बंद, आणि खाली निळी ज्योत, जी चुलीच्या दसपट जोरानं तापवते. वाटीतून धूर निघाला तो सरळ बाईंच्या नाकात. पहिला ठसका त्यांनी गिळला. ठसका म्हणजे बोलणं होतं का, हे सासूबाईंनी सांगितलं नव्हतं. दुसरा गिळता आला नाही. तिसऱ्यानंतर नियम-बियम सगळं वाहून गेलं.

पण एक सांगते, बाईंनी पळायच्या आधी कॉक बंद केला. वाटेत सिलिंडरही बंद केला. डोळ्यांतून धारा, तोंडातून "अगं आई गं", आणि हात मात्र शिकवलेलं करत होते. मागच्या दारानं त्या कपाशीच्या शेताच्या बाजूला बाहेर पडल्या आणि पाण्याच्या टाकीमागं जाऊन बसल्या.

इकडं मागचं दार उघडल्यानं वारा आत शिरला, आणि त्यानं तो सगळा धूर पुढच्या झरोक्यांतून व्हरांड्यात लोटला. सुट्टी नुकतीच संपलेली. नववीचा वर्ग आधी खोकला, मग आठवी, मग स्टाफरूम. भटू सरांचं नाक कोरोनात वासाला गेलं ते परत आलंच नव्हतं. त्यांना मिरची कळली नाही. डोळ्यांत जळजळ, नाकात झणझण, आणि धूर प्रयोगशाळेतून! ते ओरडले, "गॅस! गॅस!" आणि धावत जाऊन ऑफिसच्या भिंतीवरचं विजेच्या घंटेचं बटण दाबून धरलं.

मॅडम स्टाफरूममधून धावत निघाल्या. वास मिरचीचा आहे हे त्यांना कळलं होतं, पण आत काय पेटलंय ते कळत नव्हतं. दोन सणसणीत ठसके लागले, आणि तिसऱ्या श्वासाला त्यांच्या घशातून आवाज फुटला. घोगरा, फाटका, पण आवाज.

"बटणांना हात नको! रांग करा! बाहेर!"

मुलं बरोबर निघाली. कोणी ढकललं नाही, कोणी दप्तर घ्यायला मागं वळलं नाही. ओढण्या नाकाला लावून सगळी मैदानावर लिंबाखाली जाऊन उभी राहिली. मॅडमनी मोजली. मग ओला रुमाल बांधून मागच्या दारानं आत शिरल्या आणि हातात जळक्या मिरच्यांची वाटी घेऊन बाहेर आल्या.

भटू सर वाटीत बघून लालबुंद झाले. "मिरच्या? बर्नरवर मिरच्या? हा चावटपणा कोणाचा?"

त्यांनी सगळ्या रांगेवरून नजर फिरवली.

"किल्ली कोणाकडं असते?"

एक किल्ली ऑफिसात बेबाबाईंसाठी, आणि दुसरी मोहिनीकडं. मोहिनी नववीची मॉनिटर. प्रॅक्टिकलच्या आधी काचसामान पुसून ठेवायचं म्हणून मॅडमनी तिला ती दिली होती. पोर मान खाली घालून पुढं आली.

"सर, मी उघडलंच नाही."

"मग मिरच्या काय पाय फुटून आत गेल्या? उद्या वडिलांना घेऊन ये. आणि मॅडम, आपलं ठरलं होतं. पहिली गडबड, त्याच दिवशी कुलूप. खोली बंद."

मॅडम मोहिनीच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. मोहिनीचे डोळे मिरचीनं आधीच लाल होते, आता त्यांतून खरं पाणी यायला लागलं.

टाकीमागं बेबाबाईंना सगळं ऐकू येत होतं. गप्प बसलं तर कोणाला कळणार नव्हतं. बोललं तर? शाळेच्या सेविकेनं शाळेच्या गॅसवर दृष्ट काढली, हे संस्थेपर्यंत गेलं तर नोकरी जायची. घरी पंडित आणि झाडाखालची जीप. दोघांचं मिळून डिझेलसुद्धा निघायचं नाही. बाईंनी एकदा लिंबाकडं बघितलं, एकदा शेताच्या बांधाकडं, जिथून गुपचूप घरी जाता आलं असतं. मोहिनीचा हुंदका ऐकू आला. बाई उठल्या.

"भटूभाऊ!"

शाळेत इतकी वर्षं "सर" म्हणणाऱ्या बाईंच्या तोंडून आज माहेरचं नाव गेलं. सगळं मैदान वळलं. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले, पदर अजून खोचलेला.

"त्या पोरले कसाले बोली ऱ्हायनात? बठ्ठं मनं काम शे. मीच काढी दृष्ट. मॅडमनी."

"दृष्ट?" भटू सरांचा गमछा गळ्यातून घसरला.

"माझी?" मॅडम म्हणाल्या.

"मग कोणाची? माझी कोण लावतंय?"

मुलांत हसू फुटलं आणि दाबलं गेलं. मॅडम मात्र हसल्या नाहीत. जवळ आल्या, आणि त्या फाटक्या आवाजात परीक्षेला विचारावं तसं विचारायला लागल्या.

"पदर खोचला होता?"

"अजून खोचलेलाच आहे."

"काडी आधी की गॅस?"

"काडी."

"पेटवते म्हणून सांगितलं?"

"...मनात."

"खिडक्या?"

बाईंनी मान खाली घातली. "लावल्या."

"जोडीला कोण होतं?"

"कोणी नाही."

"आणि मी सांगितलं नसताना ज्योतीवर काय ठेवलं?"

"सात मिरच्या."

"बेबाबाई, आत तुम्हाला काही झालं असतं तर? दार आतून लावलेलं. आम्हाला कळलंसुद्धा नसतं." मॅडमचा आवाज इथं थरथरला, आणि ते मिरचीमुळं नव्हतं. "आजपासून तुमची परीक्षा रद्द. बर्नरला हात लावायचा नाही."

बाईंना हे नोकरी गेल्यासारखंच लागलं. पण तोंड ते तोंड. "रद्द करा. पण आवाज तर आला का नाही?"

"तो ठसक्यानं कफ सुटून आला!"

"कशानं का सुटेना, सुटला ना?"

खिचडीच्या पातेल्यापाशी झारा हातात घेऊन शेवंताबाई उभ्या होत्या. त्यांनी ही संधी सोडली तर त्या शेवंताबाई कसल्या! कोणाकडंच न बघता म्हणाल्या, "ठसका लागला म्हणजे दृष्ट नव्हतीच मुळी. दृष्ट असती तर मिरचीचा वाससुद्धा आला नसता. काही बायांना रोट जमत नाहीत, तसं हेही जमत नाही."

"तू ऱ्हाऊ दे!" बेबाबाई कडाडल्या, आणि अशा रीतीनं दोघींतलं बोलणं सुरू झालं.

भटू सरांनी हात वर केला. "पुरे! मोहिनी, तुझं काही नाही, जागेवर जा. बेबाबाई, तुमचं नंतर बघू. पण कुलूप ते कुलूप. गडबड झाली की नाही झाली?"

"कुलूप लावायचं तर मला लावा," बाई म्हणाल्या, "खोलीला कशाला? खोलीनं काय केलं? पोरांनी काय केलं? एवढी पोरं गपगुमान रांगेनं बाहेर आली. गॅदरिंगला तरी येतात का अशी?"

हे मात्र खरं होतं. मोहिनी जागेवर जाता जाता थांबली. पोरगी मुळात भित्री, पण नियमाची पक्की.

"सर... एक सांगू?"

"काय?"

"आमच्यात बटण कोणीच नाही दाबलं. फक्त... तुम्ही दाबलं."

भटू सरांनी मॅडमकडं बघितलं. मॅडमनी हळूच मान डोलावली. "सर, आज मिरची होती म्हणून. खरंच गॅस असता, तर त्या बटणाच्या ठिणगीनं..." पुढचं त्या बोलल्या नाहीत.

भटू सरांनी आपल्या अंगठ्याकडं बघितलं. त्याच अंगठ्यानं बटण दाबलं होतं. गमछ्यानं कपाळ पुसलं. "मला कोणी सांगितलंच नाही," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम सातवीतल्या भटूचा झाला.

"परीक्षाच नाही दिली ना तुम्ही," बेबाबाई म्हणाल्या. यावेळी हळू, समजुतीनं. "बंद खोलीत काय कळणार आहे, सांगा बरं? पोरांना कळलं ते उघड्या खोलीत."

त्या दिवशी कायमचं कुलूप लागलं नाही. खोली लगेच उघडलीही नाही. भटू सर म्हणाले, आधी मी परीक्षा देतो, मग ठरवतो. मुलांचं प्रॅक्टिकल सोमवारवर गेलं. बेबाबाईंना शिक्षा अशी झाली की प्रत्येक वर्गात जाऊन आपलं काय काय चुकलं ते मुलांना सांगायचं. शिक्षा देणाऱ्यानं देताना माणूस बघायला पाहिजे होता. आठवीच्या वर्गात बाई अख्खा तास बोलल्या, पुढचा गणिताचा तासही घेतला, आणि खिडक्या का उघड्या ठेवायच्या हे सांगताना असा ठसका काढून दाखवला की मागची बाकं पुढं आली. गणिताचे मास्तर दाराशी उभे राहून ऐकत होते.

सोमवारी सकाळी, प्रार्थनेच्या आधी, प्रयोगशाळेत एका बाकावर दोन परीक्षार्थी बसले. भटू सर आणि बेबाबाई. सगळ्या खिडक्या सताड उघड्या. बाई दुसऱ्यांदा बसल्या होत्या म्हणून निवांत. सरांनी हातातली काडेपेटी उघडून आतल्या काड्या मोजल्या.

"सर, आधी काय?" मॅडमनी विचारलं.

सरांनी लगेच काडी काढली. बाईंनी गळ्यावरून हात फिरवून खूण केली.

"बेबाबाई, सांगायचं नाही."

"मी कुठं बोलले? घाम पुसत होते."

सरांनी गमछा काढून खुर्चीवर ठेवला. मग आठवून शर्टाच्या बाह्याही वर केल्या. नळी बघितली, दोनदा बघितली. कागद उचलले. मग छाती भरून घेऊन असे ओरडले की बाहेर प्रार्थनेला जमलेली मुलं दचकली.

"पेटवतो!"

पहिली काडी मोडली. दुसरी विझली. तिसरी पेटली, ती त्यांनी बर्नरच्या तोंडाशी नेली, डोळे मिटले आणि कॉक फिरवला.

"डोळे उघडे, सर," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी एक डोळा उघडला. समोर पिवळी ज्योत शांतपणे डोलत होती. दुसरा उघडला. मग बोटानं खालची, भोक उघडायची कडी हळूहळू फिरवली, आणि ज्योत आखडत, सरळ होत, निळी झाली. भटू सरांचं तोंड उघडं राहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी हे चित्र किती वेळा फळ्यावर बघितलं असेल!

"पास?" त्यांनी विचारलं.

"पास. आता बंद करा, सर. नववीची मुलं बाहेर थांबलीत. किल्लीचं काय ठरलं?"

"किल्ली तुमच्याकडं ठेवा. कुलूप रात्री लावायचं, दिवसा नाही," सर म्हणाले, पण त्यांचं लक्ष ज्योतीतच होतं. त्यांनी कॉक बंद केला. ज्योत पुक करून गेली. दाराशी मुलांची रांग लागली होती, ओढण्या मागं बांधून, बाह्या वर करून, सगळ्यांत पुढं मोहिनी.

सरांनी रांगेकडं बघितलं, बर्नरकडं बघितलं, आणि पुन्हा काडेपेटी उचलली.

"मॅडम, एकदाच अजून. पेटवतो!"

"भटूभाऊ," बेबाबाई म्हणाल्या, "आते पोरेस्ले येऊ द्या ना."

"बघू," भटू सर म्हणाले, आणि त्यांनी काडी ओढली.